लागवड आणि जतन : महाराष्ट्रातील नागरी वृक्षसंवर्धनाचा ऐतिहासिक अभ्यास

सारांश

महाराष्ट्रातील शहरांमध्ये वृक्षारोपणाचे कार्यक्रम प्रतिवर्षी मोठ्या उत्साहाने पार पडतात. परंतु लावलेल्या रोपांपैकी किती जगतात आणि उभ्या झाडांची देखभाल कोण करते, हे प्रश्न बहुधा अनुत्तरित राहतात. प्रस्तुत शोधनिबंधात या विसंगतीचा ऐतिहासिक दृष्टीने शोध घेतला आहे. आज्ञापत्रातील वृक्षविषयक आदेश, देवराई व पार या लोकसंस्था, वसाहतकालीन उद्याने, १९५० चा वनमहोत्सव, महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ आणि त्यातील २०२१ ची सुधारणा या टप्प्यांच्या आधारे असे प्रतिपादन केले आहे की, ज्या व्यवस्थेत झाडाचा राखणदार निश्चित होता तेथे झाड टिकले. आधुनिक नागरी व्यवस्थेत मात्र लागवडीला उत्सवाचे आणि तोडीला परवानगीचे स्वरूप आले, जतनाची जबाबदारी मात्र कोणाच्याच नावावर राहिली नाही.

बीजसंज्ञा : नागरी वृक्ष, वृक्षारोपण, वृक्ष प्राधिकरण, आज्ञापत्र, पार, लोकसहभाग.

१. प्रस्तावना

नगर आणि वृक्ष यांचे नाते महाराष्ट्रात प्राचीन आहे, याची साक्ष स्थलनामांमधूनही मिळते. मुंबईतील उमरखाडी, चिंचपोकळी, ताडदेव, फणसवाडी, वडाळा ही नावे अनुक्रमे उंबर, चिंच, ताड, फणस व वड या झाडांशी जोडली जातात. मुंबई शहराच्या १९०९-१० च्या गॅझेटियरमध्येही वृक्षांवरून पडलेल्या अशा स्थलनामांची दखल घेतलेली आहे. आज या वस्त्यांमध्ये ती झाडे अभावानेच आढळतात. नावे तेवढी शिल्लक आहेत. झाड ही एके काळी ठिकाणाची ओळख होती. पुढे ते रस्तारुंदीकरणातील अडथळा किंवा सरकारी अहवालातील एक आकडा कसे झाले, हा इतिहासाच्या अभ्यासकापुढील महत्त्वाचा प्रश्न होय.

पर्यावरणाच्या इतिहासाचे भारतातील लेखन प्रामुख्याने वने, वनकायदे आणि आदिवासींचे हक्क यांभोवती फिरले आहे. ते आवश्यकच होते. तथापि, राज्यातील फार मोठी लोकसंख्या आज शहरांत राहत असल्याने शहरातील रस्त्याकडेच्या, वाड्यातल्या आणि आवारातल्या झाडांचा इतिहासही स्वतंत्रपणे अभ्यासणे गरजेचे झाले आहे.

२. उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

प्रस्तुत अभ्यासाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.
१) महाराष्ट्रातील वृक्षजतनाच्या पूर्वपरंपरेचे स्वरूप तपासणे.
२) वसाहतकाळापासून नागरी वृक्षांविषयीच्या धोरणात झालेल्या बदलांचा मागोवा घेणे.
३) १९७५ च्या अधिनियमाने नागरिकांना दिलेले स्थान व त्याच्या मर्यादा स्पष्ट करणे.

अभ्यासासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून ग्रंथ, कायद्यातील तरतुदी आणि प्रसिद्ध झालेली आकडेवारी या द्वितीयक साधनांचा आधार घेतला आहे.

३. पूर्वपरंपरा : राखणदार असलेले झाड

वृक्षारोपण हे राज्यकर्त्याचे कर्तव्य मानण्याची परंपरा भारतात किमान सम्राट अशोकापर्यंत मागे जाते. माणसांना व जनावरांना सावली मिळावी म्हणून मार्गांवर वटवृक्ष लावले, आमराया उभारल्या, विहिरी खोदविल्या, असे त्याच्या सातव्या स्तंभलेखात नमूद आहे. येथे झाड, पाणी आणि विश्रांतिस्थान यांचा उल्लेख एकत्र येतो, ही बाब लक्षणीय आहे. झाड हे एका सार्वजनिक सोयीचा भाग म्हणून पाहिले गेले आहे.

महाराष्ट्राच्या संदर्भात सर्वांत महत्त्वाचा दस्तऐवज म्हणजे रामचंद्रपंत अमात्य यांचे आज्ञापत्र होय. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात सिद्ध झालेल्या या ग्रंथात आरमाराच्या प्रकरणात लाकडाविषयीचे आदेश येतात. आरमाराला मोठ्या प्रमाणावर लाकूड लागत असे. ते राज्यातील अरण्यातून परवानगीने आणावे अथवा परमुलखातून खरेदी करावे, असे सांगून आंबा, फणस यांसारख्या झाडांना मात्र हात लावू नये, अशी सक्त ताकीद ग्रंथकार देतो. त्यामागील कारण तो स्पष्टपणे सांगतो. ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेने ती पोटच्या मुलांप्रमाणे सांभाळून वाढविलेली असतात. ती तोडली तर रयतेच्या दुःखाला पारावार राहत नाही. एखादे झाड जीर्ण होऊन निरुपयोगी झाले असल्यास धन्याला राजी करून आणि मोबदला देऊन ते घ्यावे, बलात्कार सर्वथा करू नये, असा त्याचा आशय आहे.

या आदेशाचा उल्लेख वृक्षदिनाच्या भाषणांतून नेहमी होतो. परंतु बहुतेक वेळा त्यातून केवळ 'झाडे तोडू नका' एवढाच बोध काढला जातो. वास्तविक त्यातील युक्तिवाद अधिक सखोल आहे. झाडाचे मूल्य येथे त्याच्या लाकडावरून ठरविलेले नाही, तर ते वाढविण्यासाठी कोणीतरी खर्च केलेल्या काळावरून ठरविले आहे. झाडामागे ते जोपासणारी व्यक्ती उभी आहे आणि राज्याने त्या व्यक्तीची संमती घेतली पाहिजे, हा विचार या आदेशाच्या केंद्रस्थानी आहे.

दुसरी परंपरा देवराईची. पश्चिम घाटातील देवरायांचा शास्त्रीय अभ्यास माधव गाडगीळ व वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात केला. येथे झाडांचा राखणदार म्हणजे ग्रामदैवत आणि त्याच्या वतीने गाव. तिसरी परंपरा म्हणजे वड-पिंपळाभोवती बांधलेला पार. गावात आणि नगरांतील पेठांत पार ही बसण्याची, न्यायनिवाड्याची, कीर्तन-प्रवचनाची जागा होती. दगडी पारामुळे बुंध्याभोवतीची माती वाहून जात नसे आणि रोजच्या वावरामुळे झाडावर लक्षही राहत असे.

अर्थात या संस्थांचे उदात्तीकरण करणे इतिहासाला धरून होणार नाही. देवराईचे रक्षण बऱ्याच अंशी कोपाच्या भीतीवर उभे होते. पारावर सर्व जातींना आणि स्त्रियांना समान स्थान नव्हते. तरीही या सर्व व्यवस्थांमध्ये एक समान सूत्र दिसून येते : झाड कोणाचे, हा प्रश्न विचारला असता त्याला निश्चित उत्तर होते.

४. वसाहतकालीन नगर : उद्यान आणि रस्ता

ब्रिटिश राजवटीत नागरी वृक्षांचे स्वरूप बदलले. मुंबईत भायखळा येथे १८६२ मध्ये व्हिक्टोरिया उद्यान खुले झाले. हेच आजचे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान अर्थात राणीची बाग. पुण्यात एम्प्रेस गार्डनने हेच कार्य केले. देशोदेशींच्या वनस्पती आणून वाढविणे, त्यांची नोंद ठेवणे आणि नागरिकांना फेरफटक्यासाठी जागा उपलब्ध करून देणे हे अशा उद्यानांचे प्रयोजन होते. याच काळात मादागास्करचा गुलमोहर, उष्णकटिबंधीय अमेरिकेतील वर्षावृक्ष असे परदेशी वृक्ष भारतीय शहरांत रुळले. झटपट वाढणारे व पसरट सावली देणारे म्हणून त्यांना रस्त्याकडेला पसंती मिळाली.

या बदलाचे दोन परिणाम झाले. एकीकडे शहरांना सावलीचे रस्ते आणि वनस्पतिशास्त्रीय संग्रह मिळाले. दुसरीकडे झाड हे नगरपालिकेच्या मालकीची वस्तू झाले. त्याची निगा पगारी माळ्याकडे आणि त्याचा निर्णय अधिकाऱ्याकडे गेला. ज्या रहिवाशाच्या दारात ते उभे होते, त्याचा त्या झाडाशी औपचारिक संबंध उरला नाही.

या पार्श्वभूमीवर पॅट्रिक गेडिस यांचे कार्य उल्लेखनीय ठरते. १९१४ नंतर त्यांनी भारतातील अनेक नगरांची पाहणी करून अहवाल लिहिले आणि १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्र विभागाची धुरा सांभाळली. सरळ रुंद रस्त्यासाठी जुन्या वस्त्या सरसकट पाडण्याच्या तत्कालीन पद्धतीला त्यांनी विरोध केला. मोडकळीस आलेली मोजकीच घरे काढावीत, जुनी झाडे, विहिरी व देवळांभोवतीचे चौक शाबूत ठेवावेत आणि अशा लहान मोकळ्या जागा शेजारपाजाऱ्यांच्या वापरात याव्यात, असा त्यांचा आग्रह होता. झाडाला शेजार असतो, ही पारामागील जाणीव त्यांनी नगररचनेच्या परिभाषेत मांडली, असे म्हणता येईल. तथापि, पुढील काळात नगररचनेने त्यांचा हा मार्ग क्वचितच अनुसरला.

५. वनमहोत्सव : लागवडीचा उत्सव

रवींद्रनाथ ठाकूर यांनी १९२८ मध्ये शांतिनिकेतनात वृक्षारोपणाच्या उत्सवास प्रारंभ केला. स्वातंत्र्यानंतर १९५० मध्ये तत्कालीन केंद्रीय अन्न व कृषी मंत्री क. मा. मुन्शी यांनी वनमहोत्सव सुरू केला. जुलै महिन्याचा पहिला आठवडा त्यासाठी निवडण्यामागे पावसाळ्याचे सोयीचे कारण होते. शाळा, महाविद्यालये आणि शासकीय कार्यालये यांच्यामार्फत हा कार्यक्रम देशभर पोहोचला. १९६९ मध्ये राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाल्यानंतर महाविद्यालयीन विद्यार्थी हे वृक्षारोपणाचे प्रमुख मनुष्यबळ ठरले.

वनमहोत्सवाने वृक्षप्रेमाचा संस्कार घराघरांत नेला, हे निर्विवाद. मात्र त्याची रचना पाहता एक उणीव जाणवते. पावसाळ्यात लावलेले रोप पहिले तीन-चार महिने आपोआप तग धरते. त्याची खरी कसोटी फेब्रुवारी ते मे या काळात लागते. त्या वेळी आळे करणे, पाणी घालणे, तण काढणे, आधाराची काठी बदलणे, गुरांपासून राखणे ही कामे आवश्यक असतात. नेमक्या याच काळात महाविद्यालयांत परीक्षा व त्यानंतर सुटी असते. उत्सवाची तिथी जुलैमध्ये आणि रोपाची गरज एप्रिलमध्ये, असा हा अंतर्विरोध आहे.

राष्ट्रीय सेवा योजनेचे काम पाहताना प्रस्तुत लेखकालाही याचा अनुभव आला. वार्षिक अहवालासाठी वापरल्या जाणाऱ्या तक्त्यात लावलेल्या रोपांच्या संख्येचा रकाना होता. मागील वर्षीच्या रोपांपैकी किती जगली, यासाठी रकाना नव्हता. परिणामी पुढील जुलैमध्ये जुन्याच खड्ड्यांत नवी रोपे लावली गेली आणि दोन्ही वर्षांचे आकडे अहवालात स्वतंत्रपणे मोजले गेले. यात कोणाचा अप्रामाणिकपणा नव्हता. जे विचारले गेले तेच मोजले गेले. म्हणूनच हा दोष व्यक्तीचा न मानता पद्धतीचा मानावा लागतो.

६. १९७५ चा अधिनियम : परवानगीचे युग

शहरांच्या वाढीबरोबर झाडांची बेसुमार तोड होऊ लागली, तेव्हा महाराष्ट्र शासनाने १९७५ मध्ये नागरी क्षेत्रातील झाडांच्या संरक्षणासाठी स्वतंत्र अधिनियम केला. यानंतर कर्नाटकात १९७६ मध्ये आणि गोवा, दमण व दीव या तत्कालीन केंद्रशासित प्रदेशात १९८४ मध्ये वृक्षजतनाचे कायदे झाले. हे पाहता महाराष्ट्राचे पाऊल निश्चितच अग्रेसर होते.

या अधिनियमान्वये प्रत्येक नागरी स्थानिक संस्थेत वृक्ष प्राधिकरणाची तरतूद झाली. झाडांचे जतन, वृक्षगणना, रोपवाटिका विकसित करणे, बांधकामामुळे आवश्यक ठरलेले पुनर्रोपण ही त्याची कर्तव्ये ठरली. खाजगी जागेतील झाड तोडण्यासही पूर्वपरवानगी बंधनकारक झाली. वृक्षतोडीच्या अर्जाची सूचना वर्तमानपत्रात व प्रत्यक्ष झाडावर लावून नागरिकांच्या हरकती मागविण्याची पद्धत कायद्यात आली. आपल्या गल्लीतील झाडाच्या बुंध्यावर चिकटविलेला कागद वाचून सामान्य माणूस लेखी हरकत घेऊ लागला, ही लोकशाहीच्या दृष्टीने मोठी घटना होती. रयतेच्या संमतीविषयीच्या जुन्या तत्त्वाचा हा आधुनिक अवतार मानता येईल.

तथापि, कायद्याने नागरिकाला जे स्थान दिले ते हरकतदाराचे होते, राखणदाराचे नव्हते. वर्षानुवर्षे एखाद्या झाडाला पाणी घालणाऱ्या व्यक्तीला त्या झाडाविषयी वेगळा अधिकार मिळाला नाही, तसेच तिच्याकडे कोणते कर्तव्यही सोपविले गेले नाही. शिवाय कायद्याचा रोख कुऱ्हाडीवर राहिला. झाड प्रत्यक्ष तोडणे हा गुन्हा ठरला. परंतु बुंध्यापर्यंत काँक्रीट ओतल्याने, खिळे ठोकल्याने, लोखंडी पिंजरा वेळेवर न काढल्याने किंवा एकाच बाजूच्या फांद्या छाटून तोल बिघडविल्याने झाड हळूहळू मरते, याकडे व्यवहारात दुर्लक्ष झाले. झाडाची अन्नपाणी शोषणारी बारीक मुळे प्रामुख्याने जमिनीच्या वरच्या थरात पसरलेली असतात. त्यावर फरसबंदी झाली की पाणी आणि हवा दोन्ही तुटतात. असे झाड काही वर्षांनी पावसाळी वाऱ्यात उन्मळून पडते आणि त्याची नोंद नैसर्गिक आपत्ती म्हणून होते. राष्ट्रीय हरित लवादाने २३ एप्रिल २०१३ रोजी दिल्लीतील झाडांच्या बुंध्याभोवतीचे एक मीटर परिघातील काँक्रीट काढण्याचा आदेश दिला, तेव्हा या संथ मृत्यूची न्यायिक पातळीवर ठळक दखल घेतली गेली.

७. संख्येचे राजकारण आणि नागरिकांचा प्रतिसाद

एकविसाव्या शतकात वृक्षविषयक चर्चा अधिकाधिक संख्याप्रधान झाली. राज्य शासनाने २०१६ मध्ये दोन कोटी, २०१७ मध्ये चार कोटी, २०१८ मध्ये तेरा कोटी आणि २०१९ मध्ये तेहतीस कोटी रोपांच्या लागवडीचे लक्ष्य ठेवले. मोहिमेची व्याप्ती अभूतपूर्व होती. परंतु लावलेल्या रोपांपैकी जगली किती, हाच वाद पुढे उपस्थित झाला. वृक्षगणनेतही आकडे सावधपणे वाचावे लागतात. मुंबईत २००८ च्या गणनेत सुमारे १९ लाख आणि २०१८ मध्ये जाहीर झालेल्या गणनेत सुमारे २९.७५ लाख झाडे नोंदली गेली. दरम्यान मोजणीच्या तंत्रात उपग्रहाधारित स्थाननिश्चितीची भर पडली होती. त्यामुळे ही संपूर्ण वाढ नव्या लागवडीचे फलित मानणे धाडसाचे होईल.

याच काळात नागरिकांच्या चळवळीही संघटित झाल्या. राणीच्या बागेतील प्राणिसंग्रहालयाच्या विस्तारामुळे तेथील वृक्षसंपदा धोक्यात येईल, या चिंतेने २००७ पासून काही मुंबईकरांनी, विशेषतः स्त्रियांनी, बाग वाचविण्याची मोहीम चालविली. केवळ निषेध न करता त्यांनी तेथील तीन हजारांहून अधिक झाडांच्या वनस्पतिशास्त्रीय वारशाकडे लक्ष वेधले आणि लोकांना झाडांची ओळख करून देणाऱ्या फेऱ्या आयोजित केल्या. ज्याला झाडाचे नाव ठाऊक असते तो त्याच्यासाठी उभा राहतो, हे या मोहिमेने दाखवून दिले.

आरे वसाहतीतील मेट्रो कारशेडचा संघर्ष वेगळ्या कारणाने लक्षात राहतो. वृक्ष प्राधिकरणाने ऑगस्ट २०१९ मध्ये तोडीस मंजुरी दिली. ४ ऑक्टोबर २०१९ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री तोड सुरू झाली. ७ ऑक्टोबर रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'जैसे थे' आदेश दिला, तेव्हा २,१४१ झाडे तोडून झाली होती. मोठ्या संख्येने हरकती नोंदविल्या जाऊनही निर्णय बदलला नाही. हरकतदार म्हणून नागरिकाला मिळालेल्या स्थानाची मर्यादा येथे उघड झाली.

२०२१ च्या सुधारणेने काही उणिवा दूर करण्याचा प्रयत्न केला. पन्नास वर्षे वा अधिक वयाच्या झाडास 'वारसा वृक्ष' हा दर्जा मिळाला. तोडल्या जाणाऱ्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावण्याची आणि त्यांची सात वर्षे निगा राखण्याची अट आली. झाडाच्या वयाला, म्हणजेच त्यामागील काळाला मोल देणारी ही तरतूद आज्ञापत्रातील विचाराच्या सर्वांत जवळ जाणारी आहे. परंतु भरपाईची झाडे दुसऱ्या ठिकाणी लावली गेल्यास मूळ वस्तीची सावली कायमची जाते. आकड्यांत तूट दिसत नाही. ती त्या रस्त्यावरून दुपारी चालणाऱ्या माणसाला जाणवते.

८. निष्कर्ष

१) महाराष्ट्राच्या पूर्वपरंपरेत झाडाचे संरक्षण हे ते जोपासणाऱ्या व्यक्तीच्या किंवा समूहाच्या संमतीशी जोडलेले होते.
२) वसाहतकाळात नागरी झाड हे स्थानिक संस्थेच्या मालकीचे झाले आणि शेजाऱ्याचा त्याच्याशी असलेला औपचारिक संबंध तुटला.
३) वनमहोत्सवाने लागवडीस लोकमान्यता दिली, परंतु उन्हाळ्यातील देखभालीची व्यवस्था त्याच्या रचनेत नव्हती.
४) १९७५ च्या अधिनियमाने नागरिकास हरकतीचा अधिकार दिला, मात्र जतनातील सहभागास निश्चित स्थान दिले नाही.
५) २०२१ च्या सुधारणेतील सात वर्षांच्या निगेची अट ही जतनाला कायदेशीर अर्थ देणारी असून तिची परिणामकारकता प्रत्यक्ष नोंदींवर अवलंबून राहील.

९. समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे सुचवावेसे वाटते की, प्रभाग पातळीवर प्रत्येक सार्वजनिक झाडाच्या नोंदीसमोर ते सांभाळणाऱ्या शेजारी कुटुंबाचे, शाळेचे अथवा मंडळाचे नाव लिहिले जावे. तोडीचा वा छाटणीचा विचार करताना प्रथम त्यांना विचारले जावे. आणि महाविद्यालयांनी वृक्षारोपणाचा अहवाल जुलैमध्ये सादर न करता पुढील वर्षीच्या जूनमध्ये, जगलेल्या रोपांच्या संख्येसह सादर करावा. यासाठी मोठ्या निधीची आवश्यकता नाही. तक्त्यात एक रकाना वाढवावा लागेल आणि त्यात खरा आकडा लिहिण्याची तयारी ठेवावी लागेल, मग तो आकडा लहान असला तरी. आंबा-फणसाला हात लावू नये असे आज्ञापत्र सांगते, त्यामागे झाडासाठी कोणीतरी वर्षे वेचली आहेत ही जाणीव होती. आजच्या शहरातही ती वर्षे कोण वेचणार, हे ठरल्याखेरीज लागवडीचे आकडे केवळ खड्ड्यांचे आकडे राहतील.